सेवा हवी, वेठ नको!

गेल्या आठवड्यात भर दुपारी आमच्या कार्यालयात एक बाप आणि त्याची लेक आली. मुलगी बारावी कला शाखेतून चौऱ्याहत्तर टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झालेली. वडील नगरपालिकेत कंत्राटी सफाई कामगार. मुलीच्या हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेले चार पानांचे माहितीपत्रक होते. एका स्वयंसेवी संस्थेने एका महाविद्यालयाशी करार करून पदवीचा अभ्यासक्रम आखला आहे. दोन वर्षे वर्गात शिकायचे, तिसरे वर्ष त्या संस्थेतच शिकाऊ उमेदवार म्हणून काम करायचे आणि शेवटी विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडायचे. कामांची यादी पान-दीड पान होती. वस्तीचे सर्वेक्षण, बचत गटांच्या बैठका, कुपोषित मुलांच्या वजनाच्या नोंदी, अहवाल लेखन, कार्यक्रमांची तयारी 'आणि वेळोवेळी नेमून दिलेली इतर कामे'. मोबदल्याच्या रकान्यात मात्र तीनच शब्द होते : 'मानधन संस्थेच्या धोरणानुसार'.

मुलगी उत्साहात होती. "मला आपल्या लोकांसाठी काम करायचंय आणि पदवीही मिळणार आहे," असे ती म्हणाली. वडील बराच वेळ गप्प बसून होते. मग म्हणाले, "साहेब, आमच्या बापजाद्यांनी गावाची सेवाच केली, फुकट केली. मी बी लोकांची घाणच काढतो. आता पोरीला शिकवून पुन्हा सेवेलाच घालायचं का? अन् यात पगाराचा आकडा कुठंय?"

निकालाच्या या दिवसांत हा प्रश्न एका घरापुरता नाही. समाजातील हजारो मुले-मुली बारावीनंतर कोणती वाट धरावी या विवंचनेत आहेत. त्यात ही नवी वाट पुढे आली आहे. म्हणून तिच्याविषयी आमचे मत आम्ही स्पष्ट शब्दांत मांडत आहोत.

प्रथम ही वाट आली कुठून ते पाहू. पदवी आणि शिकाऊ उमेदवारी यांची अशी थेट सांगड इंग्लंडमध्ये २०१५ पासून रूढ झाली. तेथे विद्यापीठाचे वार्षिक शुल्क २०२५-२६ मध्ये ९,५३५ पौंडांपर्यंत गेले. एवढे कर्ज डोक्यावर घेण्यापेक्षा नोकरी करत पदवी घ्यावी, असे तेथील कष्टकऱ्यांच्या मुलांना वाटू लागले. या पद्धतीत शुल्क उमेदवाराने भरायचे नसते. मोठ्या मालकांवर २०१७ साली पगारखर्चाच्या अर्धा टक्का असा कर बसवण्यात आला आणि त्यातून हा खर्च भागवला जाऊ लागला. उमेदवार पहिल्या दिवसापासून पगारी कर्मचारी असतो आणि कामाच्या वेळेतच त्याला शिकण्याची सवलत मिळते. समाजकार्यकर्त्याची पदवीसुद्धा तेथे या मार्गाने घेता येते. म्हणजे या पद्धतीचा कणा पगार आहे. पदवी त्या पगाराच्या जोडीने येते. हा कणा काढून उरलेला सांगाडा कुणी आपल्याकडे आणून उभा केला, तर त्याला ते नाव शोभणार नाही.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२५ मध्ये ती नव्याने दिली. किमान एक सत्र उमेदवारीचे असावे आणि त्याचे श्रेयांक पदवीत धरले जावेत, असा त्याचा आशय आहे. महाराष्ट्राला ही कल्पना अगदी परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र बहुजनांच्या पोरांना दिला. त्या पोरांनी शेतात राबून शिक्षण घेतले. पण त्यांच्या घामाचे मोल त्यांच्याच ताटात आणि त्यांच्याच वह्या-पुस्तकांत पडत होते. 'कमवा' हा शब्द आधी आहे आणि 'शिका' नंतर, हे आज ही योजना राबवणाऱ्यांनी विसरू नये.

आता त्या बापाच्या प्रश्नाकडे वळू. 'फुकट सेवा' हे शब्द त्याच्या तोंडी का आले, हे आमच्या वाचकांना सांगावे लागू नये. पण आजच्या पिढीसाठी ते पुन्हा सांगितले पाहिजे. महारकी वतन म्हणजे काय होते? सांगावा पोचवा, साहेबाचे ओझे वाहा, मेलेली ढोरे ओढा, चावडीवर रात्रंदिवस हजर राहा. घरातला एक जण आजारी पडला तर दुसऱ्याने जावे. मोबदला काय? तुटपुंजा जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते. कामाला वेळ नाही, कामाची व्याख्या नाही आणि मोबदल्याचा आकडा नाही. ही गुलामगिरी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. सनातनी आणि सरकार दोघांचाही विरोध त्यांना सोसावा लागला. ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. तोपर्यंत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते.

'वेळोवेळी नेमून दिलेली इतर कामे' आणि 'मानधन संस्थेच्या धोरणानुसार' हे शब्द त्या बापाला का टोचले, हे यावरून कळावे. कामाला सीमा नाही आणि मोबदल्याला आकडा नाही, हीच वतनाची दोन लक्षणे होती. भारतीय संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी केली. १९८२ मध्ये एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही सक्तीची मजुरीच ठरवली. शिकाऊ उमेदवाराला कायदा कामगार मानत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण कायद्याच्या त्या पळवाटेने संविधानाचा हेतू बदलत नाही. सेवेचे नाव दिले म्हणून वेठ पवित्र होत नाही!

मग काय, या क्षेत्राकडे पाठच फिरवायची? आमचे उत्तर ठाम आहे : नाही. पाठ फिरवली तर नुकसान आपलेच आहे. कारण हे क्षेत्र ज्यांच्या नावावर चालते, ते आपले लोक आहेत. झोपडपट्टी आपली, कुपोषित बाळ आपले, ऊसतोडीला गेलेले कुटुंब आपले, गटारात गुदमरून मेलेला सफाई कामगार आपला. आणि त्यांच्यावरचा प्रकल्प लिहिणारा, निधी मिळवणारा, परिषदेत भाषण करणारा, निर्णयाच्या खुर्चीवर बसणारा मात्र बहुधा दुसराच असतो. वस्तीत हिंडणारा, दारे ठोठावणारा, उन्हात फॉर्म भरून घेणारा तेवढा आपला. आपण लाभार्थी किंवा फार तर हरकाम्या. अशी ही वाटणी झालेली आहे.

या वाटणीवर बाबासाहेबांनी नव्वद वर्षांपूर्वीच बोट ठेवले होते. पुणे करारानंतर सप्टेंबर १९३२ मध्ये अस्पृश्यता निवारण संघ स्थापन झाला. तोच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखला गेला. घनश्यामदास बिर्ला त्याचे अध्यक्ष आणि अमृतलाल ठक्कर सरचिटणीस. नोव्हेंबर १९३२ मध्ये गोलमेज परिषदेला जाताना बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करांना सविस्तर पत्र लिहिले. काही निवडक मुलांना शाळा, वसतिगृहे आणि सद्गुणांचे धडे देऊन प्रश्न सुटणार नाही. पाणवठा, शाळा, चावडी येथील नागरी हक्कांसाठी लढा, नोकऱ्यांत समान संधी मिळवून द्या आणि सामाजिक संपर्क वाढवा, असा कार्यक्रम त्यांनी दिला. त्याच पत्रात आणखी एक मुद्दा होता आणि आजच्या विषयाशी तोच भिडतो. हे काम करणारी माणसे कोण असावीत? बाबासाहेबांचे म्हणणे असे की ती मुख्यतः अस्पृश्यांतूनच घ्यावीत, कारण ती हे काम भाडोत्रीपणाने करणार नाहीत, आपुलकीने करतील. आपल्यातही समाजसेवेच्या नावावर जगणारे लबाड असू शकतात, हे सांगायलाही ते कचरले नाहीत.

त्या पत्राची पोचसुद्धा त्यांना मिळाली नाही. पुढे अस्पृश्यांनी संघाच्या कारभारात प्रतिनिधित्व मागितले, तेव्हा उत्तर मिळाले की हा सवर्णांच्या प्रायश्चित्ताचा मामला आहे, अस्पृश्यांनी त्यात येण्याचे कारण नाही. बाबासाहेब संघातून बाहेर पडले आणि १९४५ मध्ये 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात त्यांनी या दयेचे राजकारण उघडे केले. ज्याच्या नावावर दान गोळा होते त्यालाच कारभारातून बाहेर ठेवणारी संस्था त्याला मोकळे करत नाही, मिंधे करते, हा त्याचा सारांश आहे.

म्हणून त्या मुलीने या क्षेत्रात जावे असे आम्ही म्हणतो, तेव्हा तिने कुणाची दया वाटायला जावे असा त्याचा अर्थ नाही. तिने काम शिकावे. प्रकल्पाचा प्रस्ताव कसा लिहितात, अंदाजपत्रक कसे मांडतात, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब कसे जातात, माहितीच्या अधिकाराचा अर्ज कुठे लागतो, अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा कुठे मुरतो, हे सगळे तिला कळावे. ही विद्या आजवर मूठभरांच्या हातात राहिली. ती आपल्या मुलींच्या हातात आली तर उद्या खुर्ची हलेल. सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता प्राण दिला. जोतिरावांनी दुष्काळात अन्नछत्रे चालवली. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. सेवेचा वारसा आपलाच आहे. तो वारसा आणि वेठ यांत फरक एवढाच की पहिल्यात माणूस स्वेच्छेने उभा राहतो आणि दुसऱ्यात त्याला उभे केले जाते.

आता व्यवहाराचे बोलू. समाजकार्याचे शिक्षण आपल्याकडे नवे नाही. मुंबईत १९३६ मध्ये देशातली पहिली समाजकार्य शिक्षणसंस्था सुरू झाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. निर्मला निकेतन, नागपूरची मातृसेवा संघाची संस्था, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था यांनीही अनेक पिढ्या घडवल्या. या अभ्यासक्रमांत क्षेत्रकार्य सक्तीचे असते. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी एखाद्या संस्थेत काम करतो. हे क्षेत्रकार्य अभ्यासाचा भाग म्हणून सहसा बिनमोबदला असते. प्रवासखर्च खिशातून, दुपारचा डबा घरून. ज्याचा बाप महिन्याला लाखभर मिळवतो त्याला हे परवडते. ज्याची आई धुणीभांडी करते त्याने काय करावे? त्याचे ते दोन दिवस म्हणजे बुडालेली दोन दिवसांची मजुरी असते.

शिष्यवृत्तीवर विसंबावे तर तिचीही कथा सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी येथील विद्यार्थी वर्गांवर बहिष्कार टाकून रस्त्यावर आले होते. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि भोजन शुल्काची मिळणारी सवलत पूर्ववत करा, ही त्यांची मागणी होती. समाजाची सेवा शिकायला आलेल्या मुलांना जेवणाच्या पैशासाठी आंदोलन करावे लागले, यातच सारे आले. अशा स्थितीत काम, पदवी आणि हातात दरमहा रक्कम देणारी योजना खरोखर आली तर ती आपल्या मुलांना वरदान ठरेल. पण खरोखर आली तरच!

'आमच्याकडे पैसा कुठून येणार, आम्ही लहान संस्था,' असे यावर उत्तर मिळते. त्याची शहानिशा केली पाहिजे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक नफा, उलाढाल किंवा मालमत्ता असलेल्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. २०२१ च्या नियमांनी त्यातला प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर आणून ठेवला. विदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. 'मर्यादेमुळे पगाराला पैसा उरत नाही' असे संस्था सांगतात. पण कंपन्यांच्या निधीबाबतचे तेच नियम हेही सांगतात की प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च प्रशासकीय खर्चात धरायचा नाही. वस्तीत जाऊन काम करणारी मुलगी ही अंमलबजावणीच तर आहे! तिचे विद्यावेतन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात लिहिता येते. लिहिले जात नाही, कारण मागणारा कुणी नसतो. देणगीदाराला फोटो हवा असतो आणि संस्थेला स्वस्तातले हात.

सरकारी योजनेचा आधारही आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमांत पदवीच्या पातळीवरील उमेदवाराला दरमहा किमान ९ हजार रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत अटी पूर्ण करणाऱ्या आस्थापनेला त्या किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार देते. तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेवर अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेण्याचे बंधन आहे. चार किंवा अधिक माणसे असलेल्या लहान आस्थापनेला स्वेच्छेने ते घेता येतात. याच कायद्याच्या कलम ३ अ मध्ये नेमून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव ठेवण्याची तरतूद १९७३ पासून आहे. पण 'नेमून दिलेल्या व्यवसायांत' या शब्दांतच मेख आहे. वीजतंत्री, जोडारी यांसारख्या कामांचा विचार करून बनलेला कायदा समाजकार्याच्या उमेदवारापर्यंत आपोआप पोचत नाही. ज्या क्षेत्रात आपल्या नावाचा सर्वाधिक वापर होतो, त्याच क्षेत्रात आपल्या जागेची हमी नाही!

बाबासाहेबांनी या तांत्रिक आणि उमेदवारीच्या प्रश्नाचे महत्त्व फार आधी ओळखले होते. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन त्यांनी सरकारला दिले, त्यात उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांबरोबरच सरकारी छापखाने आणि रेल्वे कारखाने येथे आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, ही मागणीही होती. ज्या ठिकाणी हुन्नर शिकता येतो, त्या ठिकाणच्या दारातून आत शिरणे हा हक्क आहे, हे त्यांनी सरकारच्या कागदावर आणले. आजचा छापखाना आणि रेल्वे कारखाना कोणता, याचा विचार आपण करायचा आहे.

उमेदवारीला पदवीची जोड नसेल तर काय होते, याचे उदाहरण राज्यातच ताजे आहे. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली. पदवीधराला दरमहा दहा हजार, मुदत सहा महिने. पुढे ती पाच महिन्यांनी वाढवली गेली. मुदत संपल्यावर हजारो मुले 'आता पुढे काय' म्हणत २०२५ मध्ये आंदोलनाला बसली. कार्यालयात काम तर केले, पण हातात ना नोकरी, ना नवी पदवी. हा धडा ध्यानात ठेवला पाहिजे. नुसते विद्यावेतन पुरेसे नाही आणि नुसते प्रमाणपत्रही पुरेसे नाही. दरमहा रक्कम आणि विद्यापीठाची पदवी, दोन्ही एकत्र मिळत असतील तरच ही वाट धरण्यासारखी आहे.

म्हणून सही करण्यापूर्वी काही गोष्टी तपासून घ्याव्यात, असे आमचे प्रत्येक विद्यार्थ्याला आणि पालकाला सांगणे आहे. पदवी कोणत्या विद्यापीठाची, ते विद्यापीठाच्या कार्यालयात जाऊन विचारा, संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. विद्यावेतनाचा आकडा आणि तो कोणत्या तारखेला बँकेत जमा होणार, हे करारात लिहून घ्या. 'मानधन' हा शब्द दिसला की सावध व्हा, कारण मान त्यांच्याकडे राहतो आणि धन कुणाकडेच येत नाही. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, प्रवासखर्च आणि अपघात झाल्यास जबाबदारी कुणाची, हे विचारा. या रकमेमुळे तुमच्या शिष्यवृत्तीला किंवा स्वाधार योजनेच्या लाभाला बाध येतो का, याचा लेखी खुलासा समाजकल्याण कार्यालयाकडून घ्या. उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते, तेव्हा तोंडी आश्वासनावर जाऊ नका. मुलींनी आणखी एक गोष्ट विचारावी : संस्थेत लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे का? २०१३ च्या कायद्यात शिकाऊ उमेदवारालाही संरक्षण आहे, आणि दहापेक्षा कमी माणसांच्या संस्थेबाबत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.

करार वाचून सही करा, हे आम्ही उगाच सांगत नाही. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला गेले, ते दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करूनच. शिक्षण आणि सेवा यांची सांगड घालणारा तो करारच होता. रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली. महाराजांची नियत चांगली होती. तरी १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले तेव्हा काय घडले? कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस कमाठी बागेत झाडाखाली बसून रडला. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. करार स्पष्ट असावा ही एक. आणि करार कितीही स्पष्ट असला तरी कामाच्या ठिकाणी जात हजर असते, ही दुसरी. ती उमेदवारीच्या ठिकाणीही असेल. चहाच्या कपात असेल, कोणत्या वस्तीत कुणाला पाठवायचे या निर्णयात असेल, 'तुम्हाला ही वस्ती जवळची वाटेल' या गोड वाक्यात असेल. तिची तक्रार कुठे करायची, हेही करारात असले पाहिजे.

सरकारकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. समाजकार्याच्या उमेदवारीत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांच्या जागा राखीव करा. समाजकार्य शाखेच्या सक्तीच्या क्षेत्रकार्याला प्रवासखर्च आणि भोजनभत्ता द्या. शासनाचे अनुदान किंवा काम घेणाऱ्या प्रत्येक संस्थेवर उमेदवाराला किमान विद्यावेतन देण्याची अट घाला. आणि शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर नव्हे, वर्ष सुरू असताना द्या.

पण सरकारला सुनावून आमची जबाबदारी संपत नाही. एक कटू गोष्ट आम्हाला आपल्याच घरात बोलायची आहे. आपल्याही संस्था आहेत. वसतिगृहे आहेत, वाचनालये आहेत, विहारांचे विश्वस्त मंडळ आहे, जयंती उत्सव समित्या आहेत. तेथे गरिबाची पोरे दिवसरात्र राबतात. मंडप घालतात, पावत्या फाडतात, संगणकावर अहवाल टंकतात, वर्गणीचा हिशेब ठेवतात. त्यांच्या हातावर आपण काय ठेवतो? 'चळवळीचे काम आहे' एवढे म्हणून मोकळे होतो. चळवळीसाठी घाम गाळणे वेगळे आणि संस्थेच्या कारभारासाठी कुणाला तरी वर्षानुवर्षे फुकट राबवणे वेगळे. मंचावरच्या पाहुण्यांच्या सत्कारासाठी शाल-श्रीफळाला पैसा असतो, तर दोन होतकरू मुलांना वर्षभर विद्यावेतन द्यायला तो का नसावा? डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात एका मुलीच्या काही महिन्यांच्या प्रवासाची सोय होईल. समाजाने आपल्याला शिकवले, त्याचे देणे फेडा, असे आपण नोकरदारांना सांगतो. ते देणे कुठे फेडावे, याचे हे एक ठोस ठिकाण आहे. आपल्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेने जवळच्या महाविद्यालयाशी करार करून किमान एक उमेदवार विद्यावेतनावर घ्यावा. दुसऱ्याकडे आकडा मागण्याचा नैतिक अधिकार आपल्याला तेव्हाच मिळेल.

त्या दिवशी आम्ही त्या बापाला एवढेच सांगितले, "तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि मुलीची इच्छाही बरोबर आहे. सेवेला घालू नका, कामाला घाला. काम ठरलेले, तास ठरलेले, पैसा ठरलेला आणि पदवी विद्यापीठाची. एवढे असेल तर खुशाल सही करू द्या." मुलीने फोल्डरमधून पेन काढले आणि त्या तीन शब्दांखाली रेघ मारून समासात लिहिले : 'रक्कम? तारीख?' दुसऱ्या दिवशी ती तो कागद घेऊन संस्थेत जाणार होती. आकडा लिहून आला तर सही, नाही तर दुसरे महाविद्यालय, असे बापलेकीचे आमच्यासमोरच ठरले.

तिला काय उत्तर मिळते ते कळेलच. पण ज्या घरातल्या मागच्या पिढ्यांना मोबदला विचारण्याची सोय नव्हती, त्या घरातली अठरा वर्षांची मुलगी समासात प्रश्न लिहून परत पाठवते, ही बाबासाहेबांची कमाई आहे. ती कमाई 'संस्थेच्या धोरणा'वर सोडून देऊ नका. यंदा दाखल होणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीने हा प्रश्न लिहूनच कागद परत करावा.

जय भीम!